हलगी-ढोलकीच्या लूपवर इफेक्ट : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वैशाखातली शिवजयंती महिन्यावर आली की माझा फोन तापायला लागतो. चित्ररथ मिरवणुकीसाठी साउंडट्रॅक करणारी मंडळं, भजनाचा अल्बम काढणारे, यूट्यूबवर कानडी जानपद गाणी टाकणारे, सगळ्यांचं म्हणणं एकच: "दादा, लूप (पुन्हा पुन्हा फिरणारा ठेक्याचा तुकडा) घेतलाय, पण मजा येत नाहीये. काय लावू?" फोन बेळगावातून येतो, खानापूर-निपाणीतून येतो, येळ्ळुरातून येतो, कधी पलीकडच्या चंदगडातूनही येतो. मी वडगावात माडीवरच्या दहा बाय बाराच्या खोलीत काम करतो, शेजारी यंत्रमाग चालतात. तीच तीच उत्तरं देऊन घसा बसला, म्हणून आता लिहूनच काढलं.

सगळ्यात आधी कुठला इफेक्ट लावू?

कुठलाच नको. आधी लूप पाच मिनिटं नुसता फिरवत ठेवा आणि समेवर, म्हणजे आवर्तनाच्या (तालाच्या एका फेरीच्या) पहिल्या मात्रेवर, बोट आपटत राहा. चार-पाच आवर्तनांनी बोट आणि सम यांची फारकत झाली तर लूप चुकीचा कापलाय, आणि त्यावर काहीही ओतलं तरी तो लंगडाच चालणार. आपल्याकडचे हलगीवाले समेच्या किंचित आधी एक बारीक ठेच देतात. कापताना ती ठेच निम्मी उडते किंवा लूपच्या शेपटाला चिकटून राहते, आणि पोरं म्हणतात, "इफेक्टनं बिघडलं." इफेक्टचा काही दोष नसतो.

जोडावर 'टक्' असा आवाज येत असेल तर दोन्ही टोकांना २ ते ५ मिलिसेकंदांचा फेड (आवाजाचा हळू चढ-उतार) द्या. मग लूपची एक कोरडी प्रत वेगळ्या ट्रॅकवर म्यूट करून ठेवा. पुढे ती पदोपदी लागणार आहे.

माझा लॅपटॉप जुना आहे, ४ जीबी रॅम. जमेल का?

जमतंय की. रीपर हे सॉफ्टवेअर ६० दिवस फुकट वापरून बघता येतं, आकारानं लहान आहे, आणि डिले (प्रतिध्वनी), कॉम्प्रेसर (मोठे आवाज दाबणारा), गेट (बारीक आवाज बंद करणारा), ईक्यू (खालचे-वरचे सूर कमी-जास्त करणारा), रिव्हर्ब (जागेचा घुमारा) सगळं सोबत येतं. एफएल स्टुडिओवर हात बसलाय तर तेच ठेवा. ऑडॅसिटी कापाकापीला उत्तम. मिक्स करताना सेटिंगमधला बफर ५१२ किंवा १०२४ वर न्या (लॅपटॉपला दम मिळतो) आणि ज्या ट्रॅकचं काम संपलं तो फ्रीज करा, म्हणजे इफेक्टसकट पक्का करून ठेवा. सॉफ्टवेअर बदलून लूप सुधारल्याचं मी अजून पाहिलेलं नाही.

घरी रेकॉर्ड केलेली हलगी पत्र्याच्या डब्यासारखी वाजते. काय करू?

हा प्रश्न माझ्या दुखऱ्या जागेवर बोट ठेवणारा आहे. कडोलीकडच्या एका गावात मी हलगी रेकॉर्ड करायला गेलो होतो. पत्र्याची शेड. तिथल्या हलगीवाल्या मामांनी जाळ करून हलगी शेकायला घेतली, मधूनमधून बोटानं टिचकी मारून ऐकत होते. "तापली की सांगतो, तोवर चहा घे," म्हणाले. मी चहा घेतला, पण माईक कुठं ठेवायचा याचा विचार केला नाही. हलगीपासून वीतभर अंतरावर ठेवला. घरी येऊन बघतो तर वेव्हफॉर्मची डोकी सुरीनं कापल्यासारखी सपाट, आणि प्रत्येक ठोक्यामागं पत्र्याचा झणझणाट. तो दिवस वाया गेला. मामा परत वाजवायला तयार होते, पण चार-सहा महिन्यांनी.

तेव्हापासून माईक दीड ते दोन मीटरवर, कातड्याच्या अगदी समोर न धरता थोडा तिरका. रेकॉर्डिंगची पातळी अशी की सगळ्यात जोराचा ठोकाही उणे १० डेसिबलच्या वर जाऊ नये. भिंतीला नाहीतर दोरीवर दोन-तीन जाड वाकळा टांगायच्या. फोम विकत आणायची गरज नाही. फोननं रेकॉर्ड करणार असाल तर आवाजाची पातळी आपोआप कमी-जास्त करणारी सोय बंद होईल असं अॅप घ्या. नाहीतर मोठ्या ठोक्यानंतरचे बारीक बोल फुगून येतात आणि वादकाचा तोल सगळा नासतो.

आधीच रेकॉर्ड झालंय आणि डबा वाजतोय, तर ईक्यूचा एक अरुंद बँड १० डेसिबलनं वर उचला आणि ४०० ते १५०० हर्ट्झमध्ये सावकाश फिरवा. एका जागी कान किटतील. तिथंच तो बँड उलटा करून ४-५ डेसिबलनं खाली ओढा. माझ्या एका लूपमध्ये ती जागा ८४० हर्ट्झला सापडली, तुमच्यात वेगळी असेल. मग ट्रान्झिएंट शेपर घेऊन ठोक्याचं टोक थोडं वाढवा, शेपूट कमी करा. पत्र्याचा झणझणाट शेपटात असतो, तो बराचसा जातो.

एवढ्यावरही लूप हडकुळा वाटला तर त्याची दुसरी प्रत घ्या, तिच्यावर ८:१ चा कॉम्प्रेसर इतका दाबून लावा की सुई १२-१५ डेसिबल खाली जाईल, आणि ती प्रत मूळ लूपच्या खाली अगदी हळू मिसळा. मिसळीवर कट घालतात तशी. वेगळी ऐकू आली तर जास्त झाली.

इफेक्टचा क्रम काय ठेवायचा?

साधारण असा: साफसफाईचा ईक्यू, कॉम्प्रेसर, डिस्टॉर्शन (आवाज फाडणारा इफेक्ट), मग डिले, शेवटी रिव्हर्ब. पण मजा हा क्रम मोडण्यात आहे. रिव्हर्ब आधी आणि डिस्टॉर्शन नंतर लावलं की खोलीच फाटल्यासारखी वाटते. चित्ररथात तोफेच्या आधीचा क्षण उभा करायचा असेल तर यासारखं दुसरं नाही. भजनात मात्र हे करू नका, बुवा रागावतील.

डिले किती मिलिसेकंदांचा ठेवायचा?

६०,००० ला बीपीएमनं (मिनिटाला किती ठोके त्या आकड्यानं) भागा, एका ठोक्याचा वेळ निघाला. ९६ ला ६२५. त्याचा निम्मा ३१२.५, पाव १५६.२५, आणि पाऊण ४६८.७५. इंग्रजी व्हिडिओंत हा पाऊणवाला डिलेच सगळीकडे सांगतात. वाईट नाही, पण आपण ताल मात्रांत मोजतो, तर डिलेही मात्रांतच लावून बघा.

केरव्याच्या ८ मात्रा घ्या आणि डिले ३ मात्रांचा ठेवा. समेवरच्या 'धा'चा पहिला प्रतिध्वनी चौथ्या मात्रेवर पडतो, दुसरा सातव्या, मग पुढच्या आवर्तनात दुसऱ्या, पाचव्या, आठव्या, त्यापुढे तिसऱ्या, सहाव्या, आणि मग पुन्हा समेवर. तीन आवर्तनांनी फिरून बरोबर घरी येतो. तिहाईची (एकच बोल तीनदा वाजवून समेवर येण्याची) सवय असलेला कान याला लगेच ओळखतो. ५० टक्के फीडबॅकला (प्रतिध्वनी परत आत फिरवण्याच्या प्रमाणाला) प्रत्येक प्रतिध्वनी आधीच्यापेक्षा ६ डेसिबलनं खाली जातो, त्यामुळे समेपर्यंत पोचायच्या आधीच तो विरतो. परत आलेला ऐकवायचा असेल तर फीडबॅक ७० च्या आसपास न्या, पण मग बाकीचे बोल चिखल करतील. म्हणून डिले अख्ख्या लूपवर लावू नका. सेंड करा, म्हणजे आवाजाची प्रत वेगळ्या ट्रॅकवरच्या इफेक्टला पाठवा, आणि तोसुद्धा फक्त एकाच ठोक्याचा. एका आवर्तनात एक 'धा' डिलेला पाठवायचा, बाकी सगळं कोरडं.

दादऱ्यात ६ मात्रा, ३-३ चे दोन भाग. ३ मात्रांचा डिले 'धा'वर 'धा' टाकतो, म्हणजे गुळगुळीत. २ मात्रांचा लावला की तीन विरुद्ध दोनची ओढाताण सुरू होते आणि लूप जागा होतो. प्रोजेक्टचं टाइम सिग्नेचर ६/८ करायला विसरू नका. रूपकाला ७/४. पोरं सगळं ४/४ मध्येच ठेवतात आणि मग विचारतात, रूपकाचा लूप घसरतोय का!

आणि एक गोष्ट मी प्रत्येकाला सांगतो: समेला हात लावायचा नाही. डिले, रिव्हर्ब, उलटापालट, जे काय करायचं ते सम आणि सम यांच्या मधल्या मोकळ्या जागेत. सम कोरडी, मूळ हाताची राहिली की बाकी मात्रांत तुम्ही कितीही दंगा घाला, नाचणाऱ्याचा पाय चुकत नाही.

रिव्हर्ब लावला की सगळा चिखल होतो.

तीन कारणं. रिव्हर्ब थेट लूपवर लावलेला असतो, सेंडवर नसतो. त्यात खालचे सूर जातात. रिव्हर्बच्या आधी ईक्यूनं २५०-३०० हर्ट्झच्या खालचं कापा, ढोलाचा 'धम्म' रिव्हर्बमध्ये पाठवायचं कामच नाही. आणि प्री-डिले (ठोका आणि रिव्हर्ब यांच्यातली फट) शून्य असतो. तो २० ते ४० मिलिसेकंद ठेवला की ठोका आधी कोरडा ऐकू येतो, खोली मागून येते. यानंतरही भागलं नाही तर रिव्हर्बच्या ट्रॅकवर कॉम्प्रेसर लावून त्याला कोरड्या लूपची साइडचेन द्या: ठोका पडला की रिव्हर्ब दबतो, ठोका संपला की वर येतो.

मोठा आवाज हवा पण शेपूट नको, तर गेटेड रिव्हर्ब. दोन सेकंदांचा रिव्हर्ब आणि त्याच्यामागं गेट, साधारण २०० मिलिसेकंदांनी खाडकन बंद होणारा. १९८० च्या सुमारास लंडनच्या टाउनहाउस स्टुडिओत ह्यू पॅडगम या इंजिनिअरनं ड्रमवर हे केलं आणि पुढची दहा वर्षं जगभर तोच आवाज घुमत राहिला. ढोल-ताशाच्या लूपवर हा फारच खुलतो, विशेषतः ढोल मोजकेच आणि लांबलांब पडत असतील तर. ताशाची तर्रर् चालू असताना लावाल तर गेट उघडाच राहील आणि तुम्हाला साधा रिव्हर्ब ऐकू येईल.

रिव्हर्बसाठी आपलीच एखादी जागा वापरता येते का?

येते, आणि मला विचाराल तर यातच सगळ्यात जास्त गंमत आहे. खानापूरच्या बाजूला पाहुण्यांच्या शेतात एक दगडी बांधकामाची विहीर आहे. उन्हाळ्यात पाणी खाली गेलं होतं, काठापासून दहा मीटर तरी. काठावर माईक ठेवला, फुगा फोडला. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, म्हणजे पाण्याला आपटून वर यायला त्याला ६० मिलिसेकंद लागतात. तो परतीचा ठोका रेकॉर्डिंगमध्ये स्पष्ट दिसतो, त्याच्यामागं दगडांचा घुमारा. फाइलच्या सुरुवातीची शांतता कापली आणि ती रीपरच्या कन्व्होल्यूशन रिव्हर्बमध्ये (खऱ्या जागेचा रेकॉर्ड केलेला घुमारा आवाजावर चढवतो) घातली. आता माझी प्रत्येक ढोलकी हवी तेव्हा त्या विहिरीत उतरते.

फुगा मोठा घ्या, चार-पाच वेळा फोडा, त्यातला पक्ष्यांचा आणि मोटारसायकलींचा आवाज नसलेला निवडा. काठावर एकट्यानं वाकू नका. देवळात करणार असाल तर पुजाऱ्यांना विचारून, दुपारच्या वेळी.

लूप जुनाट, खरबरीत करायचा आहे.

बिटक्रशर (आवाजाची बारकाई मुद्दाम कमी करणारा इफेक्ट) घ्या, १२ बिट आणि सॅम्पल रेट २६ किलोहर्ट्झ. हे आकडे एमूच्या एसपी-१२०० या १९८७ च्या सॅम्पलरचे (आवाज भरून वाजवायच्या यंत्राचे) आहेत. त्यात जेमतेम १० सेकंदांचा आवाज मावायचा, म्हणून लोक ३३ ची तबकडी ४५ वर वाजवून भरायचे आणि आत मंद करायचे. तो खरबरीतपणा निम्मा त्या काटकसरीतून आलाय. तुम्हीही तसंच करा: लूप वर चढवून क्रश करा, मग खाली आणा. नुसत्या बिटक्रशरपेक्षा फार वेगळं लागतं. ८ बिटच्या खाली ताशा म्हणजे नुसता फुफाटा.

लूप मंद केला की थबथबीत का होतो?

कारण सॉफ्टवेअर सूर तसाच ठेवून फक्त लय ताणतं, आणि ठोक्यांच्या टोकांना सुरकुत्या पडतात. पाच-सात टक्के ताणलं तर कळत नाही. त्याच्या पुढे जायचं असेल तर सूरही उतरू द्या, टेप मंद केल्यासारखा. ९६ चा लूप ७२ वर आणला की सूर जवळजवळ बरोबर ५ सेमीटोन उतरतो. हलगीची ढोल होते, ढोलाचं भूत होतं. दुसरा मार्ग, लूपचे ठोक्याठोक्याला तुकडे करून ते नव्या लयीवर मांडणे. मांडताना सगळे तुकडे ग्रिडवर (पडद्यावरच्या मात्रांच्या उभ्या रेषांवर) चिकटवू नका. ढोलकीवाल्याचा झोल ग्रिडच्या बाहेर असतो; क्वांटाइझ (ठोके ग्रिडकडे ओढणं) ५०-६० टक्क्यांवर थांबवा.

लूप उलटा करणं, तुकडे करून थरथरवणं कधी करावं?

आठ आवर्तनांत एकदा. अख्खा लूप उलटा केला तर कुणालाच काही कळत नाही. समेचा एकच ठोका घ्या, त्याला मोठा रिव्हर्ब द्या, रेंडर करा (नवी ऑडिओ फाइल काढा), ते रेंडर उलटं करा आणि त्याचं टोक पुढच्या समेला बरोबर टेकेल असं ठेवा. 'सूंऽऽऽ' करत आवाज येतो आणि कोरडी सम पडते. थरथर करायची तर शेवटच्या दोन मात्रांत: आधी अर्ध्या मात्रेचे तुकडे, मग पावाचे. त्याहून फारच बारीक केलं की ठोका राहत नाही, त्याचा सूर होतो.

चौंडक्यावर काय चालतं?

सौंदत्तीच्या यल्लम्मा डोंगरावर जोगत्यांच्या हातात ऐकलंच असेल. एका बाजूला कातडं, त्यातून निघालेली तार, ताण कमी-जास्त करत छेडायची. सूर घसरत जातो, "घुंव् घुंव्". ज्याचा सूर आधीच घसरतोय त्यावर पिचचे इफेक्ट लावू नका. मी मंद फेजर (आवाजात फिरती लाट आणणारा इफेक्ट) लावतो, एक फेरी चार आवर्तनांची, आणि ६०-७० हर्ट्झला अगदी बारीक साइन टोन खाली देतो. बाकी हे वाद्य स्वतःच इफेक्ट आहे.

ड्रमच नसेल तर?

शेजारच्या यंत्रमागाची खटखट मी खिडकीतून रेकॉर्ड केली. मोजली तर मिनिटाला १३८. धोट्याचा एक ठोका, फणीचा एक, मधे पट्ट्याची सळसळ. ८ मात्रांत कापला, ३ किलोहर्ट्झच्या वरचं कमी केलं, आणि आवर्तनाच्या दुसऱ्या अर्ध्यात रिंग मॉड्युलेटर (आवाज धातूसारखा करणारा इफेक्ट) लावला तेव्हा कुठं एका विणकराच्या चित्रफितीला हवा तसा ठेका मिळाला. मागवाल्या काकांना ऐकवला तर म्हणाले, "तिसरा माग हाय हा, त्याचा पट्टा सैल झालाय." खरंच झाला होता.

घरी दणकेबाज वाजतं आणि डॉल्बीवर गेलं की गायब होतं. असं का?

मोनो, म्हणजे डावी-उजवी वेगळी न राहता एकच आवाज. बहुतेक वेळा कारण हेच असतं.

गेल्या एका गणेशोत्सवासाठी मी ट्रॅक केला होता, त्यात तिहाईचे तीन 'धा' डावीकडे-उजवीकडे-डावीकडे उडणारे, पिंगपाँग डिलेसकट. हेडफोनवर स्वर्ग. कपिलेश्वर तलावाच्या वाटेवर डॉल्बीवाल्यानं मिक्सरला फक्त डाव्या बाजूची पिन जोडली होती. मधला 'धा' आलाच नाही. पाचशे पोरं हात वर करून थांबली आणि मधे एक खड्डा! डॉल्बीवाल्याला बोलून काय उपयोग. त्याला रात्रभरात पन्नास ट्रॅक वाजवायचे असतात.

दुसरा घोळ रुंदीचा. लूप रुंद करण्यासाठी उजवी बाजू १० मिलिसेकंद मागं सरकवायची युक्ती सगळीकडे दाखवतात. स्टीरिओत छान. दोन्ही बाजू एकत्र झाल्या की ५०, १५०, २५० हर्ट्झला खड्डे पडतात, म्हणजे नेमका ढोलाचा पोटातला आवाज जातो. म्हणून १२० हर्ट्झच्या खालचं सगळं मोनो ठेवा. रुंदी फक्त टाळ, घुंगरू, ताशाच्या वरच्या सुरांना द्या. मास्टरवर मोनोचं बटण ठेवून दर अर्ध्या तासानं दाबा. एकदा फक्त डावी बाजू, एकदा फक्त उजवी ऐका. तिहाई दोन्हीकडे पूर्ण ऐकू आली पाहिजे.

घरच्या पाच इंची स्पीकरमध्ये ५०-६० हर्ट्झच्या खालचं जवळजवळ ऐकूच येत नाही. तिथं कमी वाटलं म्हणून बेस वाढवाल तर डॉल्बीवर घरांची तावदानं थरथरतील. ३० हर्ट्झच्या खालचं सरळ कापा.

रात्री काम करताना शेजारी ओरडतात.

बरोबरच आहे त्यांचं. ध्वनिप्रदूषण नियम २००० प्रमाणे राहत्या वस्तीत रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल आहे, आणि रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकरला बंदी. हेडफोन लावा. बेसचे निर्णय मात्र सकाळी स्पीकरवर घ्या.

रेकॉर्डिंगमध्ये सतत 'हूंऽ' येतं. आणि लाईट जाते त्याचं काय?

'हूं' बहुतेक ५० हर्ट्झचा आणि त्याच्या पटीतला, आर्थिंग नीट नसल्याचा. चार्जर काढून बॅटरीवर रेकॉर्ड करून बघा. आवाज गेला तर दोष चार्जरमध्ये किंवा घरच्या वायरिंगमध्ये. वायरमनला बोलवा, चार्जरची तिसरी पिन मोडू नका. लाईटसाठी ऑटोसेव्ह दर पाच मिनिटांचा. पावसाळ्यात जून ते सप्टेंबर मी मोठं रेंडर फक्त लॅपटॉपची बॅटरी भरलेली असतानाच लावतो. त्या दिवसांत कातडंही उतरतं. पावसाळी हलगीचा लूप आणि उन्हाळी हलगीचा लूप एका गाण्यात शेजारी ठेवू नका.

विकत घेतलेला लूप वापरला तर कॉपीराइट लागतो का? आणि मामांची हलगी?

रॉयल्टी-फ्री पॅकमधला लूप गाण्यात वापरायला सहसा हरकत नसते, पण तोच लूप इफेक्ट लावून 'माझा लूप पॅक' म्हणून विकता येत नाही. पॅकसोबतची परवान्याची फाइल वाचा, अर्ध्या पानाची असते. दुसऱ्याच्या गाण्यातून कापलेल्या ठेक्यावर कितीही इफेक्ट चढवले तरी मालकी बदलत नाही.

वादकाचाही हक्क असतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कलाकाराच्या सादरीकरणाला स्वतंत्र हक्क आहे, ५० वर्षांचा. मामांकडून दोन ओळी लिहून सही घ्या, मराठीत किंवा कानडीत, त्यांना जी वाचता येते त्या भाषेत. पैसे त्याच दिवशी द्या. नाव गाण्याखाली द्या. एकाच हलगीवर पंधरा गाणी करून वादकाला चहावर बोळवणारे मला माहीत आहेत.

माझी फाइल ऐकून सांगाल का?

ऐकतो की. पण नुसतं मिक्स पाठवू नका. कोरडा लूप, इफेक्ट लावलेला लूप आणि पूर्ण गाणं अशा तीन वेव्ह फाइली पाठवा, नावात बीपीएम आणि ताल लिहून: 'हलगी_९६_केरवा_कोरडा' अशा. व्हॉट्सॲपवर ऑडिओ म्हणून पाठवलं तर दाबून बारीक होऊन येतं, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. मी आधी कोरडा लूपच लावणार आहे, आणि समेवर बोट आपटत बसणार आहे.